एकट्या राहता, मग व्यायाम कोणता करता?

"एकट्या राहता, पडलात-बिडलात तर?" आणि "घरातल्या घरात व्यायाम तो कसला करता?" हे दोन प्रश्न मला कायम पाठोपाठ येतात. माझ्या लेखी दोन्हींचं उत्तर एकच: मी उठण्याचा व्यायाम करते.

"आम्ही चालतो की रोज," असं बरेच जण सांगतात. चालणं चांगलंच. पण एकट्या माणसाचं अडतं ते कमोडवरून किंवा खोल सोफ्यातून उठताना. तिथे मांड्यांना जो जोर लागतो तो सपाट रस्त्यावर चालून येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली पासष्टीपुढच्यांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल सांगितली, त्याबरोबर ताकदीचा आणि तोल सांभाळण्याचा व्यायाम आठवड्यातून तीनदा तरी करा, असंही सांगितलं. हे दुसरं मात्र सगळे सोयीस्कर विसरतात.

माझी खुर्ची पक्की, बिनचाकाची, पाठ भिंतीला टेकलेली. बसून पुढे सरकायचं, पावलं गुडघ्यांच्या जरा मागे घ्यायची, छाती पुढे झुकवायची आणि श्वास सोडत उठायचं. खरी मेख परत बसण्यात आहे. धपकन बसलात तर अर्धा व्यायाम बुडाला. मांड्या कुरकुरेपर्यंत सावकाश टेकायचं. श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब चढतो, म्हणून मी आकडे मोठ्याने म्हणते. शेजाऱ्यांना वाटत असेल, बाई शिकवण्या घेतात.

तोलासाठी ओट्याशी उभी राहते. टाचा उचलणं, मग एका पावलाच्या अंगठ्याला दुसऱ्याची टाच लावून उभं राहणं. हात ओट्याच्या वर, लागला तरच टेकवायचा. गुळगुळीत मोजे घालून हे अजिबात नको. न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठात असाच घरी करायचा कार्यक्रम तयार झाला, त्यात घोट्याला वजनं बांधून पायांची ताकद वाढवतात. त्याच्या चाचण्यांमध्ये पडण्याचं प्रमाण साधारण एक तृतीयांशाने घटलं.

आता पडलात तर? जमिनीवरून उठण्याचाही सराव करता येतो, आणि तो कुणी शिकवतच नाही. कुशीवर वळायचं, कोपरावर भार घ्यायचा, मग ओणवं व्हायचं. रांगत खुर्चीपाशी जायचं, दोन्ही हात बैठकीवर, जास्त ताकदीचा पाय पुढे रोवून वर यायचं आणि वळून बसायचं. लगेच चालायला लागू नका, चक्कर येते. पहिले काही वेळा कुणीतरी समोर हवंच. गुडघा किंवा खुबा बदललेला असेल तर आधी फिजिओथेरपिस्टला विचारा. आणि खरंच पडल्यावर खुब्यात कळ आली, तर उठायच्या फंदात न पडता फोन करायचा. माझा फोन म्हणूनच टेबलावर कधी नसतो, गळ्यात असतो.