५९ विरुद्ध ४१, आणि तरी हार

अर्ध्याहून एक मत जास्त पडलं की विधेयक पास, हे आपलं गणित अमेरिकेच्या सिनेटमध्ये चालत नाही. कीस्टोन एक्सएलचंच बघा. कॅनडातल्या हार्डिस्टीपासून नेब्रास्कातल्या स्टील सिटीपर्यंत ३६ इंची पाइपलाइन, दिवसाला ८ लाख ३० हजार बॅरल तेल. देशाची सीमा ओलांडते म्हणून राष्ट्राध्यक्षांचा परवाना हवा. कंपनीचा अर्ज २००८ चा. २०११ च्या अखेरीस काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, पगार-कराच्या सवलतीच्या विधेयकात परवान्याचा निर्णय घ्यायला ६० दिवसांची मुदत घुसवली. ओबामांनी मुदतीतच उत्तर दिलं: नाही.

मग परवान्याची अटच कायद्याने उडवायचं ठरलं. १८ नोव्हेंबर २०१४ ला सिनेटमध्ये बाजूने ५९, विरोधात ४१. अट ६० ची, कारण त्याशिवाय चर्चा संपवून मतदान घेता येत नाही. एका मताने गेलं! लुइझियानाच्या डेमोक्रॅट सिनेटर मेरी लँड्र्यू यांची फेरनिवडणूक तोंडावर होती, त्यांनी स्वपक्षातली मतं जमवण्यासाठी जिवाचं रान केलं. पुढे त्या स्वतःची जागाही हरल्या.

जानेवारी २०१५ मध्ये नवं सिनेट बसलं आणि ६२ विरुद्ध ३६ ने विधेयक पास झालं. त्यातली खरी मेख नंतरच्या कलमांत होती: आधीचा पर्यावरण अहवाल पुरेसा ‘मानला जाईल’ आणि कोर्टात जायचं तर फक्त वॉशिंग्टनच्या एकाच अपील कोर्टात. फेब्रुवारीत ओबामांचा नकाराधिकार. तो मोडायला दोन तृतीयांश हवे होते. ४ मार्चला पडली ६२ विरुद्ध ३७. चार कमी.

नेब्रास्कात तर कहर. मार्ग मंजूर करण्याचा अधिकार गव्हर्नरला देणारा कायदा घटनाबाह्य आहे, असं ७ पैकी ४ न्यायमूर्तींचं मत. पण तिथल्या घटनेनुसार कायदा रद्द करायला ५ लागतात. म्हणून कायदा टिकला. इथे मात्र याच हिशेबाचा फायदा पाइपलाइनला झाला, हे तिचे समर्थक सोयीने विसरतात.

आपल्याकडे हा खेळच नाही. पाइपलाइनसाठी जमिनीचा वापर-हक्क घेण्याच्या १९६२ च्या कायद्याने केंद्र राजपत्रात अधिसूचना काढतं, हरकतींना २१ दिवस, जमिनीच्या बाजारभावाच्या १० टक्के मोबदला. मालकी शेतकऱ्याची राहते, पण त्या पट्ट्यात घर, विहीर, झाड काही नाही. मुंबई–मनमाडसारख्या लाइनी अशाच घातल्या जातात. काम होतं, हे खरंच. १० टक्के कमी आहेत, हेही खरं. पण निदान नियम एकदा लिहिला की प्रत्येक प्रकल्पासाठी संसदेत वेगळं विधेयक आणावं लागत नाही.

तिकडे अमेरिकेत ट्रम्प यांनी २०१७ मध्ये परवाना दिला, बायडन यांनी २० जानेवारी २०२१ ला, पदावर आले त्याच दिवशी, काढून घेतला. जूनमध्ये कंपनीने प्रकल्पच सोडला.