आमची वाटचाल : आधी ताप, मग वेग

२०१२ साली मी आणि माझ्या धाकट्या भावाने हा व्यवसाय सुरू केला, तेव्हा आमचे काम एका वाक्यात सांगता येत असे: जुन्या लॅपटॉपमधला प्रोसेसर काढून त्याच सॉकेटमध्ये, म्हणजे प्रोसेसर बसवण्याच्या खाचेत, चालणारा अधिक वेगवान प्रोसेसर बसवून देणे. इंटेलच्या कोअर टू ड्युओ प्रोसेसरच्या काळातल्या आणि त्यानंतर २०११ मध्ये आलेल्या सँडी ब्रिज पिढीतल्या पुष्कळशा लॅपटॉपमध्ये प्रोसेसर मदरबोर्डला सोल्डर केलेला नसे. सपाट तोंडाच्या स्क्रूड्रायव्हरने सॉकेटचा स्क्रू अर्धा फेरा फिरवला की प्रोसेसर अलगद हातात येई. नव्या प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा बारीक त्रिकोण सॉकेटवरच्या खुणेशी जुळवून तो जोर न लावता खाली बसू द्यायचा आणि स्क्रू पुन्हा फिरवायचा, एवढेच ते काम. एखादी पिन वाकलेली निघाली तर शिसे काढलेल्या यांत्रिक पेन्सिलीचे टोक त्या पिनेवर चढवून ती सरळ करण्यात भावाचा हात फार लवकर बसला.

सॉकेट जुळले म्हणजे सर्व जुळले, हा आमचा पहिला गैरसमज फार काळ टिकला नाही. ९६५ चिपसेटच्या (चिपसेट म्हणजे प्रोसेसरला मेमरी आणि इतर भागांशी जोडणाऱ्या चिप) एका लॅपटॉपमध्ये आम्ही पी८४०० हा प्रोसेसर बसवला आणि पडदा काळाच राहिला. पिना अचूक बसल्या होत्या. परंतु त्या प्रोसेसरला १०६६ मेगाहर्ट्झची बस, म्हणजे चिपसेटशी जोडणारी वाट, लागते आणि तो चिपसेट ८०० च्या पुढे जात नाही. त्याच लॅपटॉपमध्ये ८०० च्या बसवर चालणारा टी९३०० विनातक्रार सुरू झाला. तेव्हापासून सॉकेट, चिपसेट आणि बायोस (लॅपटॉप सुरू करणारे मदरबोर्डवरचे सॉफ्टवेअर) या तिन्ही गोष्टी लॅपटॉप खोलण्याआधी तपासण्याची शिस्त आम्ही लावून घेतली. यांपैकी बायोस सर्वांत फसवा असतो, कारण चिपसेटला मानवणारा प्रोसेसरसुद्धा बायोसच्या ओळखीचा नसेल तर चालत नाही, आणि उत्पादकाने त्या मॉडेलसाठी नवा बायोस काढलाच नसेल तर ग्राहकाला नकार देण्यापलीकडे आमच्या हातात काही उरत नाही.

आमच्या व्यवसायाची दिशा मात्र यामुळे बदलली नाही; ती बदलली एका परत आलेल्या लॅपटॉपमुळे. इमारतींचे नकाशे तयार करणाऱ्या एका ताईंच्या लॅपटॉपमधला आय३-२३१०एम काढून आम्ही चार कोअरचा (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग) आय७-२६७०क्यूएम बसवला होता. दहा मिनिटांची चाचणी घेतली, आकडे पाहून खूश झालो आणि लॅपटॉप दिला. आठवड्याभरात ताई परत आल्या. त्या रागावलेल्या नव्हत्या, आणि त्याचेच आम्हाला अधिक वाईट वाटले. त्या म्हणाल्या, “सकाळी हा पळतो, पण दुपारनंतर पूर्वीपेक्षाही हळू चालतो. काम तुम्ही नीटच केलं असेल, पण मला दुपारनंतरही नकाशे काढावे लागतात.”

आम्ही तो सतत भारावर चालवून तापमान नोंदवत बसलो. पहिली सात-आठ मिनिटे सर्व ठीक होते. नंतर प्रोसेसरची उष्णता वाहून नेणारी तांब्याची पट्टी, ती हवेत सोडणाऱ्या पात्यांचा गठ्ठा आणि कीबोर्डखालची धातूची पाटी असे सारेच हळूहळू तापले, तापमान शंभर अंशांना टेकले आणि प्रोसेसरने स्वतःला वाचवण्यासाठी आपली गती २.२ गिगाहर्ट्झच्या मूळ गतीच्याही खाली आणली. कारण कागदावर अगदी स्पष्ट होते, फक्त आम्ही तो कागद वाचला नव्हता. जुना प्रोसेसर ३५ वॉटचा होता, नवा ४५ वॉटचा. आणि त्या मॉडेलच्या हीटसिंकला, म्हणजे प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणाऱ्या भागाला, एकच उष्णतावाहक नळी होती. या चपट्या तांब्याच्या नळीत कमी दाबाखाली किंचितसे पाणी असते. प्रोसेसरपाशी त्याची वाफ होते, पात्यांपाशी ती थंड होऊन पुन्हा पाणी बनते आणि आतल्या सच्छिद्र अस्तरातून मागे झिरपते. हा फेरा ठरावीक उष्णतेपर्यंतच चालतो. शिवाय पात्या आणि पंखा तेवढ्याच असतील तर वरच्या दहा वॉटना बाहेर पडायला वाट कुठून मिळणार?

आम्ही आय७ परत घेतला आणि आय५-२५२०एम बसवला. तो जुन्या प्रोसेसरइतकाच, म्हणजे ३५ वॉटचा, पण २.५ गिगाहर्ट्झवरून गरजेप्रमाणे ३.२ पर्यंत चढणारा, तर मूळ आय३ मात्र २.१ वर खिळलेला. नकाशांच्या कामाचा बराचसा भार एकाच कोअरवर पडत असल्यामुळे ताईंना खरे तर पहिल्यापासून हाच प्रोसेसर योग्य होता. चार कोअर हवेत असा हट्ट आमचा होता, त्यांचा नव्हता.

त्या दिवशी भाऊ म्हणाला, “दादा, यापुढे खोलण्याआधी हीटसिंक मोजायचा.” तेव्हापासून आम्ही वेग किती वाढेल हे सांगण्यापूर्वी उष्णता किती वाढेल हे पाहू लागलो. एकाच मॉडेलच्या दोन आवृत्त्यांचे हीटसिंक वेगळे असू शकतात; स्वतंत्र ग्राफिक्स चिप असलेल्या किंवा कारखान्यातूनच चार कोअरसह आलेल्या आवृत्तीत अनेकदा दोन नळ्या आणि मोठा गठ्ठा मिळतो. तो सुटा भाग मिळाला आणि आत नेमका बसला तरच आम्ही ४५ वॉटचा विचार करत असू. बायोस अनुकूल असेल तेथे २०१२ मध्ये आलेला आय७-३६३२क्यूएम आम्हाला फार उपयोगी पडला, कारण त्यात चार कोअर असूनही त्याची मर्यादा ३५ वॉटचीच आहे. अ‍ॅडाप्टरही आम्ही तपासू लागलो. ६५ वॉटच्या अ‍ॅडाप्टरवर प्रोसेसर, ग्राफिक्स, पडदा आणि बॅटरीचे चार्जिंग यांचा भार एकदम टाकणे म्हणजे एक दुखणे बरे करून दुसरे आणणे होय.

हळूहळू असे लक्षात आले की ग्राहकाला हवा असलेला वेग पुष्कळदा त्याच्या जुन्याच प्रोसेसरमध्ये कोंडलेला असतो. पंखा सोडवला की पंखा आणि पात्या यांच्या मधोमध धुळीचा आणि धाग्यांचा एक करडा थर दिसतो, इतका घट्ट विणलेला की चिमट्याने तो वाकळेच्या तुकड्यासारखा अखंड उचलता येतो. बाहेरून हवा फुंकून तो निघत नाही. फार तर जागचा हलतो आणि पुन्हा पात्यांवर जाऊन बसतो. त्यामागे प्रोसेसरवरची उष्णतावाहक पेस्ट वाळून खडूसारखी झालेली असते. लॅपटॉपच्या प्रोसेसरवर धातूचे झाकण नसते, सिलिकॉनचा उघडा चौकोनच हीटसिंकला भिडतो. म्हणून आम्ही जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूर्ण पुसतो, नवी पेस्ट पातळ लावतो आणि हीटसिंकवर छापलेल्या आकड्यांच्या क्रमानेच स्क्रू थोडेथोडे आवळतो.

उष्णता वाहणाऱ्या मऊ पॅडच्या बाबतीत आम्हीही चुकलो आहोत. एकदा बाजूच्या चिपवरचा एक मिलिमीटरचा पॅड फाटला म्हणून हाताशी असलेला दीड मिलिमीटरचा लावला. तापमान उतरण्याऐवजी चढले. हीटसिंक उचलून पाहिला तर पेस्टचा ठसा चौकोनाच्या अर्ध्याच भागावर उमटला होता. जाड पॅडने पट्टी एका बाजूने उचलून धरली होती. अर्ध्या मिलिमीटरने केलेला तो घोटाळा भावाने पुढे प्रत्येक नव्या मदतनिसाला दाखवता यावा म्हणून फोटो काढून भिंतीवर लावला. द्रवरूप धातूची पेस्ट लावा, अशी मागणी अधूनमधून येते. तिच्यातला गॅलियम अ‍ॅल्युमिनियमला पोखरतो, आणि ती वीजवाहक असल्यामुळे एक थेंब बाजूला ओघळला तरी मदरबोर्ड जातो. त्यामुळे ते काम आम्ही घेत नाही.

२०१३ च्या हॅसवेल पिढीनंतर इंटेलच्या लॅपटॉप प्रोसेसरसाठी सॉकेट उरलेच नाही. प्रोसेसर सोल्डर होऊनच येऊ लागले आणि आमचे मूळ काम आटत गेले. सोल्डर केलेले प्रोसेसर बदलण्याचे यंत्र घ्यावे असे भावाला वाटत होते. मी नको म्हणालो, आणि त्यावरून आमच्यात काही महिने कुरबूर चालली. शेवटी आलेल्या कामानेच तो प्रश्न सोडवला, कारण नवे लॅपटॉप पातळ झाले तरी तापायचे थांबले नव्हते. खर्च होणारी वीज गतीच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. म्हणून प्रोसेसरचे व्होल्टेज किंचित उतरवले तरी तापमानात मोठा फरक पडे, आणि तेच काम आम्ही करू लागलो. २०१९ च्या अखेरीस प्लंडरव्होल्ट नावाची सुरक्षेतील त्रुटी उघड झाल्यावर अनेक लॅपटॉपमध्ये बायोसच्या अद्ययावतीकरणाने व्होल्टेज उतरवण्याची सोय बंद झाली. आता तशा लॅपटॉपवर आम्ही विंडोजमधील प्रोसेसरची कमाल मर्यादा ९९ टक्के करून देतो; त्याने टर्बो, म्हणजे मूळ गतीच्या वर चढण्याची सोय, बंद होतो, थोडा वेग जातो आणि पंख्याचा आवाज बसतो.

गेल्या वर्षी त्या ताई पुन्हा आल्या. लॅपटॉप तोच, आत आय५-२५२०एमही तोच; पंख्याचे बेअरिंग मात्र खरखरत होते. भावाने पंखा बदलला, पेस्ट नवी लावली, अर्धा तास पूर्ण भारावर ठेवला आणि वहीत जुन्या नोंदीखाली नवी नोंद केली: ७८ अंश, गती स्थिर. ताईंनी त्या नोंदीकडे पाहून विचारले, “आता यात मेमरी वाढवता येईल का?” भावाने लॅपटॉप पुन्हा पालथा घातला आणि मेमरीच्या झाकणाचे दोन स्क्रू काढले.