शिंगाच्या वाटीचा बॅरोमीटर

सीताबर्डीकडे जाताना झिरो माइलचा, म्हणजे जुन्या जमीनमोजणीच्या खुणेचा, स्तंभ आम्हां नागपूरकरांना इतक्या वेळा दिसतो की आपण त्याच्याकडे पाहतही नाही. मला मात्र मोजणी करत मुलूख पालथा घालणाऱ्या माणसांचे पहिल्यापासून कुतूहल, आणि म्हणूनच सध्या अमेरिकन लष्करातला अधिकारी आणि भूमापक जॉन चार्ल्स फ्रेमाँट याच्या आयुष्याने मला धरून ठेवले आहे.

1813 मध्ये जॉर्जियातील सव्हाना येथे जन्मलेला फ्रेमाँट 'पाथफाइंडर', म्हणजे वाट शोधणारा, म्हणून गाजला. खरे तर त्याच्या बहुतेक वाटा मूळ रहिवाशांच्या पायाखालच्या होत्या, आणि किट कार्सनसारखा वाटाड्या त्याच्या दिमतीला होता. त्याचे स्वतःचे म्हणावे असे काम मोजमापाचे. 1842 च्या मोहिमेत ऐन रॉकी पर्वताच्या तोंडाशी, हवेच्या दाबावरून उंची सांगणाऱ्या बॅरोमीटरची पारा ठेवायची काचेची वाटी फुटली, तेव्हा त्याने बंदुकीची दारू ठेवण्याचे एक शिंग पारदर्शक होईपर्यंत तासले, उकळून लाकडावर ताणले, रानरेड्याच्या सरसाने जागेवर चिकटवले आणि पुन्हा पारा भरला. तोच बॅरोमीटर शिखरावर नेऊन त्याने 13,570 फूट उंची नोंदवली. हे रॉकीतले सर्वोच्च शिखर, हा त्याचा समज मात्र चुकीचा ठरला.

मोहिमांचे अहवाल तो तोंडी सांगे आणि पत्नी जेसी ते लिहून काढी. ते वाचनीय झाले याचे श्रेय मी निःसंकोच जेसीला देईन. 1845 मध्ये सिनेटने या अहवालांच्या 10,000 प्रती छापल्या आणि पश्चिमेकडे निघालेल्या कुटुंबांनी त्या सोबत नेल्या. मात्र 1846 मध्ये सॅक्रामेंटो नदीकाठी त्याच्या तुकडीने मूळ रहिवाशांची कत्तल केली, हेही त्याच्याच खात्यावर लिहावे लागते.

हुकूम पाळणे त्याच्या स्वभावातच नव्हते. कॅलिफोर्नियात वरिष्ठांशी बिनसल्यामुळे कोर्ट मार्शल झाले, तरी पुढे तो त्याच राज्याचा सिनेटर झाला, आणि 1856 मध्ये रिपब्लिकन पक्षाचा पहिला अध्यक्षपदाचा उमेदवार म्हणून 114 विरुद्ध 174 निर्वाचक मतांनी डेमोक्रॅटिक पक्षाच्या ब्यूकॅननकडून हरला. ज्या अमेरिकन यादवीमुळे आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला, त्याच यादवीत, 1861 साली, त्याने मिसूरीतील बंडखोरांचे गुलाम मुक्त झाल्याचे परस्पर जाहीर केले. राष्ट्राध्यक्ष लिंकनने आदेश सौम्य करायला सांगितल्यावर, तसा उघड हुकूम द्या, असे त्याने कळवले. जेसी स्वतः लिंकनला भेटून आली. तरीही जाहीरनामा फिरवला गेला आणि फ्रेमाँटचे सेनापतिपद गेले.

कॅलिफोर्नियातल्या मॅरिपोसा येथील त्याच्या जमिनीतल्या सोन्यावर उभी राहिलेली श्रीमंतीही टिकली नाही, आणि उतारवयात घर चालले ते बरेचसे जेसीच्या लेखणीवर. 1890 मध्ये सरकारने त्याला निवृत्तिवेतन मंजूर केले; त्याच वर्षी जुलैत तो न्यूयॉर्कमध्ये वारला.