मिरगाच्या तोंडावर बिकानेर

मे महिनाभर आम्ही राजापूर तालुक्यातल्या आमच्या गावी, नाटे गावात पडीक होतो, मी, आई आणि माझा सहावीतला मुलगा. नवरा एक आठवडा राहून पुण्याला पळाला, त्याला म्हणे ऑफिस. आमचं आपलं सकाळी आंबोळगडचा समुद्र, दुपारी खळ्यात वाळत घातलेल्या आंबापोळीची आणि कोकमाच्या सोलांची कावळ्यांपासून राखण, संध्याकाळी फणस कोण कापणार यावरून वाद, आणि अंगाला दिवसभर चिकचिक घाम. शेवटी शेवटी आगोटीची धावपळ सुरू झाली. १ जूनपासून मासेमारी बंद, होड्या वर ओढून झापांनी झाकलेल्या, घरोघर लाकडं पडवीत रचायची, बोंबील-सुकट डब्यात भरायची, कौलं चाळून घ्यायची. आणि अशा वेळी घराला कुलूप लावून आम्ही निघालो कुठे, तर बिकानेरला. जूनमध्ये. वाळवंटात.

शेजारची काकू म्हणालीच, "याड लागलंय काय गो तुम्हाला? लोकं थंडीत जातात तिकडं."

पण इलाज नव्हता. धाकट्या बहिणीच्या नवऱ्याची बँकेतली बदली, दोन वर्षं ती "या या" करत होती आणि आम्ही "येतो येतो" करत होतो, आता पुन्हा बदलीची चिन्हं दिसायला लागली, त्यात चिरंजीवांची शाळा १६ जूनला, कोकण रेल्वेचं पावसाळी टाइमटेबल लागायच्या आत निघायचं, म्हणजे हिशोब केला तर हाच एक आठवडा. आईने सामानात आंबापोळी, फणसपोळी, आगळाची बाटली, दोन किलो सुकट आणि छत्री घेतली. मी म्हटलं, आई, छत्री कशाला? तर म्हणे, "मिरग लागला की छत्री नको काय?" वाटेत कशेळीला उतरून कनकादित्याला नमस्कार झाला (आईचं लॉजिक, सूर्याच्या घरी चाललोय तर आधी ह्याला सांगून जावं), मग आडिवरे, पावस करत रत्नागिरी स्टेशन, आणि केरळकडून येणारी आठवड्यातून एकदाच धावणारी गाडी.

गाडीबद्दल एवढंच की रत्नागिरी सोडल्यावर करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यात शिरलो तेव्हा बाहेर सगळं हिरवं होतं, पाण्याचे थेंब बोगद्याच्या भिंतीवरून खिडकीत उडत होते, आणि दुसऱ्या दिवशी जोधपूरच्या आसपास जाग आली तेव्हा उशीवर, भुवयांवर, पाण्याच्या बाटलीच्या झाकणात, सगळीकडे पिठासारखी बारीक वाळू. सुकट सात पिशव्यांत गुंडाळली होती तरी समोरचे मारवाडी आजोबा दोन-तीनदा नाक वर करून इकडेतिकडे बघत होते. आम्ही पण बघितलं. इकडेतिकडे.

बिकानेर स्टेशनवर उतरलो तो वारा म्हणजे भाताच्या पेजेचं झाकण काढल्यावर तोंडावर वाफ येते ना, तसा, फक्त वाफेतलं पाणी काढून घेतलेलं. लू म्हणतात ती ही. गंमत म्हणजे पंचेचाळीस डिग्रीत घाम येत नाही, म्हणजे येतो पण दिसायच्या आत वाळतो, आई दर पाच मिनिटांनी हात पुसायला जायची आणि हात कोरडाच. धुतलेली ओढणी गच्चीवर टाकून मी खाली चहा ठेवून परत गेले तर वाळलेली. आईच्या डोक्यात लगेच दुसराच विचार, "हय आंबापोळी एका दिवसात झाली असती गो."

बहिणीच्या घरचे नियम पहिल्याच दिवशी कळले. बाहेर पडायचं ते नऊच्या आत नाहीतर सहाच्या नंतर. दुपारी नळाखाली हात धरायचा नाही, टाकीतलं पाणी उकळलेलं असतं, आंघोळीच्या बादल्या रात्री भरून ठेवायच्या म्हणजे सकाळपर्यंत निवतात. दुपारी जेवायला बाजरी आणि ताकाची राबडी, बिनमिठाच्या आंबिलासारखी लागली मला, पण पोट खरंच गार राहतं. भुजिया तर काय, तिथे जाऊन कळलं की ती मोठ नावाच्या कडधान्याच्या पिठाची असते आणि मोठ म्हणजे आपली मिसळीतली मटकी. आणि सुकट? घरमालक वरच राहतात, घरात कांदासुद्धा बेताने. बहीण बिचारी रात्री न्हाणीघराचं दार लावून डब्याचं झाकण उघडायची, दोन-तीन श्वास घ्यायची आणि परत बंद करायची. मी खोटं सांगत नाहीये.

पाण्याचं मात्र सगळं वेगळंच. बिकानेरला प्यायचं पाणी येतं ते पार पंजाबातल्या हरिके बराजपासून निघणाऱ्या इंदिरा गांधी कालव्याचं, आणि उन्हाळ्यात दुरुस्तीसाठी कालवा बंद ठेवला की नहरबंदी, मग एक दिवसाआड पाणी. भावोजींना असल्या गोष्टी सांगायला आवडतात. त्याच्याही आधीचा कालवा महाराजा गंगासिंहांनी १९२७ मध्ये सतलजचं पाणी आणून सुरू केला, त्याचं नावच गंग कनाल, त्यावर श्रीगंगानगरचा सगळा भाग पिकता झाला. आई ऐकत होती, मग म्हणाली, आमच्या राजापुरात पण गंगा आहे हो. उन्हाळे गावची गंगा, चौदा कुंडं, साधारण तीन वर्षांनी तिच्या मनात आलं की येते आणि मनात आलं की जाते. भावोजी म्हणाले, हो आई, पण इकडच्या लोकांना तेवढी वाट बघून चालत नाही.

जुनागड किल्ला बघितला, छान आहे, सकाळी लवकर जा. देशनोकचं करणी मातेचं मंदिर पण बघितलं जिथे हजारो उंदीर पायांतून फिरतात आणि परातीतलं दूध पितात, पांढरा दिसला तर नशीब. आम्हाला नाही दिसला. आईने हात जोडले खरे पण येताना गाडीत पुटपुटत होती की आमच्या माळ्यावरचे मेले नारळ पोखरतात, त्यांना कोण परात देतंय.

चौथ्या दिवशी घरमालक आम्हाला कोलायतच्या बाजूला त्यांच्या गावी घेऊन गेले. रस्त्याने खेजडीची झाडं, दुसरं काही उंच नाहीच. खेजडी म्हणजे शमी, गणपतीच्या पत्रीत आपण जिची डहाळी शोधत फिरतो ती. तिच्या शेंगा म्हणजे सांगरी, वाळवून वर्षभर भाजी करतात, पाला उंट-शेळ्यांना. ह्याच झाडासाठी १७३० मध्ये जोधपूरजवळच्या खेजडलीत अमृतादेवींसह ३६३ बिश्नोई माणसं तोडणाऱ्यांच्या आड आली आणि मारली गेली, हे आधी वाचलेलं होतं, पण त्या सपाट उजाडीत एका शमीच्या सावलीत दहा शेळ्या दाटीवाटीने उभ्या बघितल्यावर जरा डोक्यात शिरलं.

घरामागे त्यांचं कुंड होतं. जमिनीत खोल टाकी, वर घुमट, आणि भोवती चारी बाजूंनी चोपून गुळगुळीत केलेलं उतरतं अंगण, त्याला आगोर म्हणतात. आमची आगोट आणि ह्यांचं आगोर, दोन्हींचा संबंध पावसाशीच. आगोरावर चप्पल घालून जायचं नाही, कुंपणाला काटे लावलेले म्हणजे जनावर येणार नाही. वर्षाला तीनशे मिलिमीटरसुद्धा नाही पडत तिथे, आमच्याकडे तीन हजारांच्या वर, पण जे पडतं ते ह्या अंगणावरून घरंगळत आत. त्या पाण्याला वेगळं नाव आहे, पालर पाणी. घुमटाच्या झाकणाला कुलूप होतं. घरमालकांच्या आईंनी ओढणीच्या गाठीतून किल्ली काढली, झाकण उघडलं, बादली सोडली, आणि आम्हाला एकेक तांब्या दिला.

चिरंजीवांनी अर्धा तांब्या प्यायला आणि उरलेलं पाणी सवयीने जमिनीवर ओतून टाकलं, गावी ओटीवरून खळ्यात फेकतो तसं.

कोणी काही बोललं नाही. वाळूवर काळा डाग पडला आणि आमच्या डोळ्यांदेखत कडेकडेने आत आत येत नाहीसा झाला, अर्धा मिनिट पण लागलं नसेल. आईने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला, म्हातारी लगेच "ना ना, टाबर है" (लेकरू आहे) म्हणत त्याला जवळ घेऊन बसली. मग आईने स्वतःचा तांब्या शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला आणि उलटा करून दाखवला, शाळेत डबा दाखवतात तसा. मला हसू पण येत होतं आणि लाज पण वाटत होती.

संध्याकाळी खाटांवर बसलो होतो, पश्चिमेला आकाश पिवळं, आंधी येणार म्हणत होते, तेवढ्यात काकूचा फोन. पाऊस लागला! आईने फोन स्पीकरवर टाकला. काकू म्हणाली थांब ऐकवते, आणि तिने फोन धरला बहुतेक पडवीबाहेर, पागोळ्यांखाली. धो धो धो. म्हातारीने विचारलं हा कसला आवाज, बहिणीने सांगितलं, तर तिने फोन आईच्या हातातून घेतला, कानाला लावला, आणि किती वेळ तशीच बसली. "घणो बरसै," म्हणाली.

मग काकूचा आवाज आला, की तुझी सोलं मात्र खळ्यातच राहिली गो, माझ्या ध्यानातच नाय आलं, सगळी भिजली.

"दोन पायली होती," आई म्हणाली, आणि रात्री जेवेपर्यंत कोणाशी बोलली नाही.