बाथरूमच्या भीतीने पाणी तोडलं आणि विमानात घाबरगुंडी उडाली

जाताना गरोदरपणाचा सव्विसावा आठवडा होता, येताना एकोणतिसावा. दोन्ही विमानं नऊ-नऊ तासांची. जाताना करता येतील तेवढ्या चुका केल्या, येताना बऱ्याचशा सुधारल्या, म्हणून दोन्ही बाजू सांगू शकते.

डॉक्टरांनी फार आढेवेढे न घेता परवानगी दिली. गुंतागुंत नसेल तर एखाद-दुसऱ्या विमानप्रवासाने काही बिघडत नाही, आणि १४ ते २८ आठवडे हा त्यातल्या त्यात सुखाचा काळ, असं त्यांचं म्हणणं. हिमोग्लोबिन मात्र तपासून घेतलं. विमान उडत असताना आतल्या हवेचा दाब ६,००० ते ८,००० फूट उंचीच्या डोंगरावर असावा तेवढाच असतो, त्यामुळे ऑक्सिजन जरा कमी मिळतो. धडधाकट बाईला आणि पोटातल्या बाळाला तो पुरतो. पण रक्त फारच कमी असेल, वार (प्लासेंटा) खाली असेल किंवा मध्ये अंगावरून रक्त गेलं असेल, तर डॉक्टरांशी स्पष्ट बोलल्याशिवाय तिकीट काढू नका.

आता माझा मूर्खपणा. ढग बघायची हौस म्हणून मी खिडकीची सीट घेतली. शेजारी दोन अनोळखी माणसं, आणि जेवणाचे ट्रे उचलायच्या आत दोघंही घोरायला लागली. दर अर्ध्या तासाला त्यांना उठवायचा संकोच वाटला, मग मी पाणीच तोडलं. केबिनमधली हवा अतिशय कोरडी असते, आर्द्रता २० टक्क्यांच्याही खाली. घाम येत नाही, उकडत नाही, त्यामुळे अंगातलं पाणी चाललंय हे कळतच नाही. पाचव्या तासाला ओठ चिकटायला लागले, डोकं ठणकायला लागलं. आणि मग पोट. एकदम दगडासारखं घट्ट व्हायचं, मिनिटभराने सैल. पाऊण तासात चारदा झालं तेव्हा मात्र माझे हातपाय गार पडले.

बटण दाबलं. आलेल्या ताईंनी एकच प्रश्न विचारला, ‘‘शेवटचं पाणी कधी प्यायलात?’’ मला आठवेना. त्यांनी शेजारच्यांना उठवलं (ते अजिबात वैतागले नाहीत, माझा संकोच फुकटचा), मला बाथरूमला पाठवलं, मागच्या रिकाम्या रांगेत डाव्या कुशीवर आडवं केलं आणि दोन पेले पाणी हळूहळू प्यायला लावलं. अर्ध्या-पाऊण तासात पोट शांत झालं. नंतर डॉक्टरांकडून कळलं, की अंगात पाणी कमी पडलं तरी गर्भाशय असं आकसतं, आणि लघवी तुंबवून धरली तरीही. मी दोन्ही केलं होतं. अर्थात पाणी पिऊन पडल्यावरही कळा थांबत नसतील, अंगावरून पाणी किंवा रक्त जात असेल, डोकं असह्य दुखून डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर वाट बघत बसू नका, लगेच सांगा. विमानात कुणी डॉक्टर आहे का ते विचारता येतं, जमिनीवरून वैद्यकीय सल्लाही घेतला जातो.

येताना सगळ्यात आधी आयल सीट, म्हणजे मधल्या वाटेलगतची, बाथरूमच्या जवळची. थोडे जास्त पैसे गेले तरी ते वसूल होतात. सुरक्षा तपासणीतून १०० मिलीच्या वर पाणी बहुतेक ठिकाणी नेता येत नाही, म्हणून मोठी बाटली रिकामी नेली आणि पलीकडे गेल्यावर भरून घेतली. विमानातले पेले म्हणजे दोन घोट. लाज न बाळगता बाटलीच पुढे करा, भरून देतात. बाथरूमच्या नळाचं पाणी मात्र पिण्यासाठी नसतं. एकदम पेला रिचवण्यापेक्षा दहा-पंधरा मिनिटांनी दोन घोट, असं तासाला साधारण एक पेला संपवला. लघवीचा रंग फिकट पिवळा राहिला की समजायचं ठीक चाललंय. कॉफी एकच घेतली, कारण कॅफीन दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आत ठेवायचं असतं आणि त्यात चहाही धरावा लागतो. फसफसणारी पेयं टाळली. वर गेल्यावर पोटातला गॅस फुगतो, आणि आपल्या पोटात आधीच जागा कुठे आहे!

गंमत म्हणजे, ज्या बाथरूमच्या फेऱ्यांना घाबरले होते त्याच उपयोगी पडल्या. गरोदरपणात रक्त गोठायची प्रवृत्ती वाढते, त्यात चार तासांहून जास्त एका जागी बसणं वाईट. पाणी प्यायलं की उठावंच लागतं, उठलं की चालणं होतं. बसल्या बसल्या चवडे वर-खाली करत राहिले. पायांना घट्ट बसणारे लांब मोजे डॉक्टरांना विचारून, पोटरीचं माप देऊन घेतले होते. ते सकाळी, पाय सुजायच्या आत चढवायचे असतात. पोटामुळे वाकता येईना, शेवटी नवऱ्याने गुडघे टेकून दहा मिनिटं झटापट केली. सीटबेल्ट पोटावरून नको, पोटाच्या खालून, मांड्यांच्या वरच्या हाडांवरून लावा.

कागदपत्रांत मी परत एकदा फसले. बऱ्याच कंपन्या २८ आठवड्यांनंतर डॉक्टरांचं पत्र मागतात, आणि एकच बाळ असेल तर साधारण ३६व्या आठवड्यापर्यंतच घेतात; जुळी असतील तर त्याआधीच थांबवतात. माझ्याकडे पत्र होतं, पण जाण्याआधीचं, तीन आठवडे जुनं. काउंटरवर अर्धा तास उभं केलं, वरिष्ठांना बोलावलं, मग सोडलं. तेव्हा आठवडे मोजताना परतीच्या तारखेचे मोजा, कंपनीचा नियम आधी वाचा आणि पत्र किती दिवसांपूर्वीचं चालतं तेही विचारून ठेवा.

उतरल्यावर दोन्ही पाय सारखेच सुजले होते, ते रात्री उशीवर ठेवल्यावर सकाळी उतरले. सूज एकाच पोटरीवर असेल, तिथे दुखत असेल, गरम लागत असेल किंवा दम लागत असेल, तर मात्र सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा. रक्त गोठण्याचा हा त्रास उतरल्यावर काही दिवसांनीही होऊ शकतो, म्हणून घरी आल्यावरही पोटऱ्यांवर लक्ष असू द्या.