तुम्ही बौद्ध, ते बौद्ध, मग धंदा सोपाच!

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सांगतो. लग्नाच्या पंगतीत विचारून झालं, लिलावाच्या ओट्यावर झालं, बुद्धपौर्णिमेला नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांच्या पायऱ्या चढताना झालं, आणि परवा सख्ख्या मेव्हण्यानेही विचारलं: "दाजी, तुम्ही बौद्ध, ते बौद्ध. श्रीलंकेला कांदा पाठवणं तुम्हाला सोपंच जात असेल."

नाही जात.

कोलंबोच्या पेट्टा बाजारात फोर्थ क्रॉस स्ट्रीटवर कांद्या-बटाट्याचे घाऊक व्यापारी बसतात. माझी तिथली निम्मी गिऱ्हाइकं तमिळ आणि मुसलमान आहेत. उलट दंबुल्लाच्या बाजूला कांदा पिकवणारा सिंहली शेतकरी बौद्ध, आणि त्याची काढणी सुरू झाली की तिथलं सरकार आयात कांद्यावर कर वाढवतं. म्हणजे धम्मबंधू म्हणाल तर तो माझा स्पर्धक. त्याच्या जागी मी असतो तर मीही कर मागितला असता.

पण खोटं कशाला बोलू? २०१२ साली पहिल्यांदा गेलो तेव्हा मीच बुद्धाला पुढे केलं होतं. बॅगेत प्रतवारीचे नमुने आणि त्यांच्यावर लेण्यांचे फोटो. एका सिंहली मुदलालीसमोर, म्हणजे व्यापाऱ्यासमोर, बसलो आणि पाठ करून नेलेलं वाक्य टाकलं: तुमच्या जुन्या पाली बखरीत, महावंसात, आमच्या महाराष्ट्राचं नाव आहे. अशोकाच्या काळात धम्मप्रसारासाठी महाधम्मरक्खित थेरांना 'महारट्ठा'त धाडलं, तर महिंदांना लंकेत. मुदलालीने डोळे मिटून तो पाली श्लोकच म्हणून दाखवला. मग चहा आला, नंतर ऑर्डर आली. त्याला मी अय्या म्हणू लागलो, म्हणजे थोरला भाऊ. (आमच्या घरात बायका दचकल्यावर म्हणतात तेच. बायको अजून हसते.) तो मला मल्ली म्हणायचा, म्हणजे धाकटा भाऊ. त्याचा प्रत्येक मेसेज "तेरुवन सरणयि"ने संपायचा, म्हणजे त्रिरत्नांचं शरण लाभो.

त्याने मला केलनियाचा विहार दाखवला, दक्षिणेला गोडवायालाही नेलं. गोडवायाला खडकावर कोरलेला लेख आहे, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला: गामणी अभय राजाने त्या बंदराची जकात तिथल्या विहाराला दिली. त्याच किनाऱ्यापाशी समुद्राच्या तळाशी दोन हजार वर्षांपूर्वी बुडालेलं एक जहाज सापडलंय, त्यात काचेच्या लाद्या होत्या. जवळच हंबनटोटाचं नवं बंदर आहे, २०१७ साली ९९ वर्षांच्या कराराने चिन्यांकडे गेलेलं. अय्या त्यावर काही बोलला नाही. मीच बोलत होतो. नाशिकच्या लेण्यात उषवदाताचा, म्हणजे नहपान क्षत्रपाच्या जावयाचा, लेख आहे, त्याचा हिशोब मी त्याला वाळूत मांडून दाखवला. उषवदाताने गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीत, म्हणजे संघात, २००० कार्षापण नाणी ठेवली, महिना शेकडा एक व्याजाने. वर्षाची झाली २४०. वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२. बरोब्बर जुळतं. आणि अट अशी की मुद्दल कधी परत मागायचं नाही, फक्त व्याज खायचं. अय्या खूप हसला. म्हणाला, असा सावकार मला दे.

हे मी इतकं रंगवून सांगतोय, कारण पुढचं सांगायला जड जातं.

८ डिसेंबर २०२३. आदल्या दिवशी अय्याचे दोन कंटेनर पिंपळगावच्या खळ्यावरून भरून निघाले आणि रात्री कसारा घाट उतरले. सकाळी निर्यातबंदी लागू झाली होती. ज्यांचा माल आधीच कस्टम्सच्या ताब्यात गेला होता त्यांना सूट मिळाली; माझा काही तासांनी हुकला. इकडे चांदवडला शेतकऱ्यांनी महामार्ग अडवला, लिलाव बंद पडले, भाव कोसळले. आणि तो लाल कांदा. उन्हाळ कांदा असता तर साठवणीच्या चाळीत टाकला असता, पण लाल टिकत नाही. गाड्या माघारी येईपर्यंत गोण्यांच्या तळाला पाणी सुटलं होतं.

अय्याचा ॲडव्हान्स माझ्याकडे होता. नाताळाच्या तोंडावर त्याने हॉटेलांना शब्द दिलेला. मी फोन केला. वाटलं होतं चिडेल. तो हळू आवाजात म्हणाला, "मल्ली, तुला आधी कळलं नव्हतं?" त्याला वाटत होतं मी बातमी दाबून ठेवली. मी शपथा घेतल्या. त्याचा विश्वास बसेना. तेव्हा मी ते वाक्य बोललो. म्हणालो, "अय्या, आपण एका धम्माचे. थोडं थांबा."

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, तू हे गोडवायाला बोलला असतास तर मी मानलं असतं. आज मी बँकेचं व्याज भरतोय. आणि मग वडिलांचं सांगितलं, अकरा वर्षांत पहिल्यांदाच. १९८७ नंतर भारतीय फौज तिकडे असताना दक्षिणेत भारतीय माल विकू नका म्हणून सिंहली बंडखोरांच्या धमक्या यायच्या. मातरच्या दुकानात वडिलांनी बॉम्बे ओनियनच्या गोण्या तांदळाखाली लपवल्या होत्या. तिकडे आपल्या कांद्याचं नाव आजही तेच आहे. "तेव्हाही आम्ही एकाच धम्माचे होतो," म्हणाला, आणि फोन ठेवला.

ॲडव्हान्स मी तीन हप्त्यांत फेडला, बायकोची पाटली गहाण ठेवून.

एप्रिलमध्ये, सिंहली नववर्षाच्या सुमारास, भारताने श्रीलंकेसाठी १०,००० टनांची खास परवानगी दिली. माल एका सहकारी संस्थेमार्फत जाणार होता. आमच्यासारख्यांना त्यात वाटा नव्हता. शेजारधर्माच्या बातम्या मी खळ्यावर बसून वाचल्या. राग आला, आणि आनंदही झाला, कारण पेट्टात कांदा पोचणार होता. दोन्ही एकदम कसं होतं ते मला विचारू नका.

मेव्हणा म्हणतो, म्हणजे नातं वगैरे थोतांडच की. तसंही नाही. त्या श्लोकाशिवाय मला चहासुद्धा मिळाला नसता. उषवदाताची ठेव शंभर टक्के धम्माची होती की वजन वाढवण्याची, हे तरी कोण सांगणार? २०१२ चा मी चलाख होतो की श्रद्धाळू, यावर मी स्वतःशी अजून भांडतो. बायकोचं मत विचाराल तर चलाख.

बंदी उठली ४ मे २०२४ ला, किमान दर आणि शुल्काचं ओझं घेऊन. अय्या आता पुन्हा भाव विचारतो. एकेकच कंटेनर, ॲडव्हान्स नाही, पैसे माल पोचल्यावर. मेसेजखाली तेरुवन सरणयि लिहायचं त्याने सोडलंय. मी लिहितो. सवयीने की धंद्यासाठी, ते तेवढं मेव्हण्याने विचारू नये.