निम्मे परतले की पुढे जाववतं कसं?

कोकण किनाऱ्याने उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणाऱ्या रेवस ते रेडी सागरी मार्गाच्या सायकल सफरीचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. रत्नागिरीला निम्मी मंडळी परत फिरतात, मग उरलेला रस्ता तुम्हाला एकट्याने कापवतो कसा? तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

परतणारे दमलेले असतात, हा समज आधी सोडा. त्यांची रजा संपलेली असते, इतकंच. अंतर ५०० किलोमीटरच्या आसपास. चार-पाच दिवसांत ते कोंबायचं, तर दिवेआगर, हर्णै, हेदवी नुसती पाटीवर वाचून पुढे निघावं लागतं. त्यापेक्षा रत्नागिरीपर्यंत निवांत यावं, सायकल रेल्वेच्या पार्सलात टाकावी आणि सोमवारी कामावर हजर व्हावं. शहाणपणाचंच आहे ते.

निरोपाचं खरं काम आदल्या रात्री लॉजच्या खोलीत उरकतं आणि ते अजिबात हळवं नसतं. आधी कॉन्ट्रीचा हिशोब. बोटीची तिकिटं कोणी काढली, गुहागरला सुरमई कोणी चापली आणि शाकाहारी थाळीवर कोणाची बोळवण झाली. मग सामानाची वाटणी. चेन ब्रेकर (साखळी तोडायचं हत्यार) एकच, तो पुढे जाणाऱ्याकडे. ट्यूब मात्र बघून घ्यावी. परतणारा मोठ्या मनाने आपली ट्यूब देतो, पण त्याचं चाक २७.५ चं आणि माझं ७०० सी, म्हणजे ते नुसतं ओझं. वॉल्व्हही बघायचा: त्याचा जाडा श्रेडर, माझा बारीक प्रेस्टा. आमच्यातले एक काका उरलेली चिक्की माझ्या पॅनियरमध्ये, म्हणजे सायकलला लटकवलेल्या पिशवीत, कोंबतात. "घरी नेली तर तुझी काकू विचारेल, खाल्ली का नाही म्हणून."

स्टेशनवर सोडायला मी जात नाही. ते कुवारबावला, गावापासून लांब. शिवाय तिथे पेडल काढा, हँडल वळवा, गोणपाट गुंडाळा, त्यावर नाव आणि स्टेशन लिहा, या धांदलीत मिठी मारायला हात कोणाचे मोकळे असतात? नाक्यावर चहा घ्यायचा. ते स्टेशनच्या रस्त्याला लागतात, मी भाट्याच्या पुलाकडे.

वाईट वाटतं, पण तेव्हा नाही. चढावर तसाही जो तो आपापल्या गतीने एकटाच असतो. कोकणात प्रत्येक खाडीला खाली उतरायचं आणि पुन्हा सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, चढायचं. त्यात गप्पा मारायला दम कोणाला असतो? मंडळी एकत्र यायची ती खाडी ओलांडायच्या बोटींच्या धक्क्यावर. आगरदांडा–दिघी, बागमांडला–वेसवी, दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड. कोणी कितीही पुढे पळो, बोट सुटेपर्यंत थांबणं भाग. मागचे घामाघूम होऊन येतात, कोणीतरी भेळ घेतं, कोणीतरी कोणाच्या तरी ब्रेककडे बघून नाक मुरडतं. रत्नागिरीच्या दक्षिणेला मात्र सगळे पूल. भाट्ये, पूर्णगड, जैतापूर, झर्रकन पार. म्हणजे सोबती जातात नेमके तिथे, जिथून पुढे रस्ताही कोणाला थांबवत नाही. (उत्तरेच्या खाड्यांवरही आता पुलांची कामं निघालीत. गाडीवाल्यांची सोय होईल, आमची बैठक मोडेल.)

पूर्णगडानंतरचा चढ संपला की पाय आपोआप जमिनीला टेकतो, मागच्यांसाठी. मागे कोणी नाही हे ध्यानात यायला बाटलीतले दोन घोट जातात. तिथून वेग वाढतो, पण त्यात मौज नाही. जेवायच्या आधीच मुक्कामाला पोचून करायचं काय?

म्हणून पुढच्या खेपेला उलट जायचं म्हणतोय. रेडीजवळच्या तेरेखोलहून निघायचं, आधी पूल, मग बोटी; माझ्या एकट्याच्या वाट्याला निदान धक्क्यावरची माणसं येतील. दुपारी वायव्येचा वारा तोंडावर येईल, तो सोसू. काकांना हे साफ नामंजूर आहे. चढ आम्ही चढायचे आणि बोटीत बसून भेळ तू एकट्याने खायची, हे चालणार नाही म्हणतात.